काटेबाई आणि पिवळ्या बिल्ल्याच्या मेंढ्या

काटेबाईंचं खरं नाव हजेरीच्या पुस्तकात होतं आणि तिथंच राहिलं. मेंढ्यांच्या पैदास केंद्रात सोळा वर्षं सगळे त्यांना काटेबाईच म्हणत आले, कारण खुराकाच्या कोठीतला मोठा वजनकाटा त्यांच्या ताब्यात असायचा. कोंडा, पेंड, वाळलेलं गवत, खनिजांची पांढरी पूड, जे काही मेंढ्यांच्या पोटात जायचं ते आधी त्यांच्या हाताखालून जायचं. हात असा बसलेला की डोळे मिटून ओंजळ भरली तरी चार दाण्यांचाच काय तो फरक. अंगानं किडकिडीत, बोलणं तोडकं. वरचे दोन दात नव्हते, म्हणून हसणंही बेताचं.

"काटेबाईंच्या चहात साखर मोजून पडते," शेडचा मुकादम म्हणायचा, "आणि माझ्याच कपात नेमकी कमी भरते."

मुकादम आडदांड माणूस, पंजे फावड्याएवढे. पण मेंढी अडली की त्याच पंजांनी तो कोकरू असं अलगद सोडवून घ्यायचा की आईला कळायच्या आत ते गवतावर शिंकत पडलेलं असायचं. तीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. बाईंचं आणि त्याचं जमायचं. दुपारी कोठीच्या पायरीवर दोघं डबा खायची, आणि बोलायचा बहुतेक तोच.

घरी बाई आणि त्यांची लेक, दोघीच. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. छापखान्याच्या मागं दोन खोल्या होत्या, भिंतीपलीकडं दिवसभर यंत्राची धडधड. लेक बसस्थानकात तिकिटाच्या खिडकीत बसायची. खिडकीतून दिसायची तेवढी ती चारचौघींसारखी होती. उठून चालायला लागली की कळायचं. दोन्ही पाय गुडघ्याखाली बाहेर वाकलेले, पावलागणिक अंग डोलायचं. लहानपणी मुडदूस झाला होता. जीव वाचला, पण पाय सरळ झाले नाहीत.

त्या वेळी दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पोरीच्या नडग्या दाबून पाहिल्या आणि बाईंना विचारलं होतं, "ही पोटात असताना तुम्ही काय खात होतात?"

शेजारी सासू उभी होती. बाई काही बोलल्या नाहीत. खरं सांगायचं तर सगळ्यांची जेवणं उरकल्यावर भांड्याला जे लागून राहायचं, ते त्या खात होत्या. ते दोन दात त्याच नऊ महिन्यांत हलले आणि पडले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. पण तो प्रश्न सव्वीस वर्षं बाईंच्या पोटात तसाच पडून होता.

अशा बाईंकडे केंद्रातल्या नव्या डॉक्टरबाई एका सकाळी आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, केस करकचून बांधलेले, हातात कागदांचा गठ्ठा.

"काटेबाई, मला तुमचा हात हवाय," त्या म्हणाल्या. "एक प्रयोग करायचाय. चाळीस गाभण मेंढ्या. वीस जणींच्या कानात निळा बिल्ला, त्यांना पोटभर खायला. वीस जणींना पिवळा, त्यांना शेवटचे दोन महिने निम्म्याहून थोडं जास्त. लसूणघासीचा हिरवा चारा नाही, खनिजाची पूड नाही."

"कशापायी?"

"कोकराची हाडं आईच्या पोटातच भरायला लागतात. आईला कमी पडलं तर ती स्वतःच्या हाडातलं काढून देते. पण कुठवर देते, आणि कोकराला त्यातलं किती पोचतं, ते आपल्या मेंढीत कोणी मोजलेलं नाही."

बाईंनी मान हलवली. मोजणं त्यांना कळत होतं.

"कोकरं तीन महिन्यांची झाली की दोन्हीकडची दहा-दहा कापायची," डॉक्टरबाई जरा थांबून म्हणाल्या. "मांडीचं हाड काढून यंत्रात धरायचं आणि किती जोरानं मोडतं ते पाहायचं. तुम्हाला हे आधीच सांगितलेलं बरं. आणि एक घास इकडचा तिकडं होता कामा नये. सगळा प्रयोग तुमच्या काट्यावर उभा आहे."

आजवर कोणी बाईंना असं काही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना त्या जरा ताठ चालल्या.

मेंढ्यांना एका लांब शेडमध्ये वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलं. डाव्या हाताला निळ्या, उजव्या हाताला पिवळ्या, मधून चालायला वाट. बाई पहाटे प्रत्येकीचा खुराक तोलून गव्हाणीत घालायच्या, संध्याकाळी उरलेलं झाडून घेऊन तेही तोलायच्या आणि वहीत लिहायच्या. निळ्यांच्या गव्हाणीत रोज काहीतरी उरायचं: काड्या, कोंड्याचा चुरा, तळाशी बसलेली पांढरी पूड. पिवळ्यांच्या गव्हाणी चाटून पुसून लख्ख.

पहिला आठवडा पिवळ्या ओरडल्या. बाईंची चाहूल लागली की वीसच्या वीस कप्प्यांच्या फळ्यांवर पाय देऊन उभ्या राहायच्या. ते बाईंनी सोसलं. ओरडणाऱ्या जनावराला काहीतरी मिळेल अशी आशा असते. तिसऱ्या आठवड्यात ओरडणं थांबलं, आणि तिथून बाईंना जड जायला लागलं. मेंढ्या गपचूप फळ्या कुरतडायच्या. फळ्यांच्या फटीतून शेजारणीच्या अंगावरची लोकर उपटून चघळायच्या. कडेच्या कप्प्यातली कान फाटलेली एक मेंढी दिवसभर भिंतीचा चुना चाटत बसायची. चाटून चाटून तिनं भिंतीला बशीएवढा खळगा पाडला होता. तिचं पोट खाली लोंबायला लागलं होतं आणि पाठीचा कणा वर आला होता.

"सांगितल्याशिवाय त्यांना कळतंय बघा," मुकादम एकदा म्हणाला. "पोटातलं मागतं, मग ही भिंत खाते."

बाई त्याच्याकडं न पाहता गव्हाण झाडत राहिल्या. निळ्यांचं उरलेलं टोपलीत होतं. तोललेलं, लिहिलेलं. नियम असा की ते उकिरड्यावर टाकायचं. मुकादम दुसऱ्या शेडकडं गेला तशा बाई टोपली घेऊन निघाल्या, आणि दारापाशी थांबल्या. पुढचं त्यांनी ठरवून केलं नाही असं त्या नंतर म्हणायच्या. हात गेला एवढंच. टोपली फाटक्या कानाच्या मेंढीपुढं उपडी झाली, आणि मेंढी ती पूड अशी चाटायला लागली की बाईंना भिंतीकडं तोंड करून उभं राहावं लागलं.

एकीला दिलं तर एकोणीस जणी बघत होत्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी टोपलीचे वीस वाटे केले. सवयीप्रमाणे तोलून, सारखे. चार-पाच दिवसांनी तेवढ्यानं भागेना. पाण्याच्या टाकीमागं जुन्या बियाण्याची लसूणघास आपोआप माजली होती. तिकडं कोणी फिरकत नसे. बाई कामावर अर्धा तास आधी यायला लागल्या. डोक्यावर भारा आणायचा, वीस पेंढ्या करायच्या, मुकादमाची शिट्टी वाजायच्या आत शेवटची काडी संपलेली असायची. वहीत एक आकडाही खोटा नव्हता. जे तोलून घातलं ते लिहिलं, जे उरलं ते लिहिलं. उरलेलं पुढं कुठं गेलं हे लिहायला वहीत रकानाच नव्हता.

लेकीच्या मात्र लक्षात आलं. "आई, तुझ्या पदराला हिरवे डाग कसले? आणि एवढ्या लवकर कुठं पळतेस?"

"काम वाढलंय."

"काम वाढलं की माणूस वैतागतं. तू तर गुणगुणतेस."

बाई ओशाळल्या आणि पदर खोचून बाहेर पडल्या.

मेंढ्या व्यायल्या. पिवळ्यांची कोकरं निळ्यांपेक्षा किंचित हलकी होती, पण काटक होती, जन्मल्यावर घटकाभरात उभी राहिली. फाटक्या कानाच्या मेंढीला जुळं झालं आणि दोन्ही जगली. तीन महिन्यांनी त्यातली दहा आणि निळ्यांची दहा कापली. बाईंनी त्या दिवशी कोठीचं दार आतून लावून घेतलं होतं. आपण वाचवलेलं कशासाठी वाचवलं, हा विचार त्यांनी मनाच्या उंबऱ्याबाहेरच ठेवला.

पंधरा दिवसांनी डॉक्टरबाई कोठीत आल्या आणि कोंड्याच्या पोत्यावर बसल्या. चेहरा ओढलेला.

"काही फरक नाही, काटेबाई. निळं हाड जेवढ्या जोरानं मोडतं, तेवढ्यानंच पिवळं. मी तीनदा तपासलं."

"मग ते वाईट का?"

"वाईट नाही. मला वाटलं होतं त्याच्या उलट आलं, एवढंच. वही मी पुन्हा वाचली. तुमच्या वहीत चूक सापडणार नाही हे माहीत होतं, तरी वाचली." त्या हसल्या. "आलं ते लिहायचं. आपल्याला हवं ते लिहायला लागलो तर मग मोजायचं कशाला?"

त्याच क्षणी सांगायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण डॉक्टरबाई पोत्यावरून उठल्या, त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अहवालात शेवटी तुमचे आभार मानलेत." त्यापुढं बाईंच्या तोंडाला कुलूप लागलं. महिन्याभरात डॉक्टरबाईंची बदली दुसऱ्या गावच्या संस्थेत झाली. जाताना त्यांनी बाईंना पत्ता लिहून दिला.

आपण वीस मुक्या जिवांचं पोट भरलं, कोणाचं काही बिघडलं नाही, असं बाईंनी मनाला समजावलं. पाच-सहा महिने ते समजलंही.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर केंद्राच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. हातात डॉक्टरबाईंचा अहवाल. त्या वर्षी खुराक कमी येणार होता, लसूणघासीचा मळाही मोडायचा होता. साहेबांनी शांतपणे सांगितलं की प्रयोगानं सिद्ध झालंय, गाभण मेंढीला शेवटचे दोन महिने कमी दिलं तरी कोकराच्या हाडाला काही होत नाही. तेव्हा या साली केंद्रातल्या तीनशे मेंढ्यांना पिवळं माप.

सगळे पांगल्यावर बाई साहेबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, पिवळं माप पुरायचं नाही."

"का? तुम्हीच तर तोललंत की गेल्या साली."

"ते खरं. पण मला वाटतं..."

"काटेबाई, वाटण्याचं काय करू मी?" साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी अहवाल पुढं सरकवला. "इथं लिहिलंय. तुमच्याच आकड्यांवरून."

बाईंनी तो कागद पाहिला. शेवटच्या पानावर, आभारांच्या ओळीत, त्यांचं खरं नाव छापलेलं होतं. हजेरीच्या पुस्तकाबाहेर ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्या परत फिरल्या.

मग त्यांनी जे जमेल ते केलं. पण वीस आणि तीनशे यांत फार अंतर असतं. टाकीमागची लसूणघास चार दिवसांत संपली. उरलेलं द्यावं तर आता कोणाच्याच गव्हाणीत काही उरत नव्हतं. काट्याची तबकडी रोज पिवळ्या मापावर थांबायची, आणि ते माप बाईंच्याच हातानं तीनशे गव्हाणींत जायचं. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावणार? दुपारच्या डब्याला त्या पायरीवर यायच्या बंद झाल्या. मुकादमानं दोन-तीनदा हाक मारली, मग सोडून दिली.

कोकरं हलकी जन्मली. बरीचशी पहिल्या दिवशी उभीच राहिली नाहीत. जी राहिली त्यांचे पुढचे पाय गुडघ्यात थरथरायचे. आयांच्या कासेत दूध नव्हतं. सहाव्या आठवड्यात लस टोचणीचा दिवस आला. मुकादम नेहमीसारखा एकेक कोकरू काखेत उचलून टोचणाऱ्यापुढं धरत होता. बाई फळीपाशी यादी घेऊन उभ्या होत्या. सातव्या की आठव्या कोकराच्या वेळी आवाज आला. वाळकी काडी मोडावी तसा, फार मोठा नाही. मुकादमानं खाली पाहिलं. कोकराचा मागचा पाय त्याच्या बोटांमध्ये भलत्याच दिशेला वळला होता.

"मी दाबलं नाही," तो म्हणाला. कोणी काही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी आणखी तीन मोडली. त्यातल्या एकाला तर कोणी हातही लावला नव्हता, ते दारातल्या चौकटीला घासून पळताना पडलं. आठवड्याभरात आकडा एकोणीसवर गेला, महिन्याअखेर त्रेचाळीसवर. मोडलेलं कोकरू बांधून पाहिलं तर बांधताना दुसरीकडं पिचायचं. त्यांना मारावं लागलं. ते काम मुकादमाकडंच आलं. तो प्रत्येकाला शेडच्या मागं नेताना छातीशी धरायचा, आणखी काही मोडेल या भीतीनं नव्हे, तर त्याला दुसऱ्या तऱ्हेनं धरताच येत नव्हतं म्हणून.

मग चौकशी आली. वरून आलेल्या दोघांनी अहवाल वाचला, वही वाचली, आणि सरळ हिशेब केला. खुराकानं हाडं मोडत नाहीत हे तर सिद्धच आहे, मग मोडली ती कोणाच्या तरी हातानं. पहिली चार एकाच दिवशी मोडली होती, त्यातली तीन एकाच माणसाच्या हातात. मुकादमाचे ते पंजे टेबलावर ठेवलेले होते. दोघं त्यांच्याकडं बघत होते. निष्काळजीपणानं जनावरं हाताळली म्हणून त्याला कामावरून दूर केलं. तो काही भांडला नाही. जाताना कोठीपाशी थांबला.

"काटेबाई, तुम्ही तिथं होता. मी दाबलं होतं का हो?"

"नाही, मुकादम."

"मग मला कळत का नाही?" त्यानं हात उलटेसुलटे करून पाहिले. "तीस वर्षं या हातांनी..." पिशवी उचलून चालू लागला.

बाई त्या दिवशी घरी आल्या आणि चपला न काढताच आतल्या खोलीत बसल्या. लेक कामावरून आली तरी दिवा लावलेला नव्हता.

"आई, बरं नाही का?"

तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. टोपली, पांढरी पूड, टाकीमागचा भारा, डॉक्टरबाईंचं पोत्यावर बसणं, मुकादमाचे हात. छापखाना बंद झाला होता, त्यामुळं खोलीत त्यांचाच आवाज मोठा वाटत होता.

लेकीनं ऐकून घेतलं. "का केलंस पण?"

बाईंनी तिच्या पायांकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. लेकीला ते दिसलं.

"माझ्या पायांसाठी?" ती सावकाश म्हणाली. "आई, माझे पाय वाकले ते वाकले. मी त्यांवर रोज बसस्थानकात जाऊन येते. तू त्यांच्या नावानं त्या माणसाचे हात तोडून बसलीस."

"मला काय ठाऊक असं होईल? करायला गेले एक..."

"आता ठाऊक आहे ना?"

लेकीनं दिवा लावला, डॉक्टरबाईंचा पत्ता शोधून काढला, कागद पुढ्यात घेतला. "सांग. तू सांगतेस तसं लिहिते. गोड करणार नाही."

पत्र सकाळी टाकलं, आणि तिथून बाई थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांना आधी कळेचना. मग कळलं तसे ते खुर्चीत मागं रेलले.

"तीनशे मेंढ्या," ते म्हणाले. "माझ्या सहीनं. आणि तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, मला वाटतं."

"होय साहेब."

"एक वाक्य पुढं बोलला असता तर..."

"होय साहेब."

डॉक्टरबाई पाचव्या दिवशी आल्या. बाईंना वाटलं होतं त्या ओरडतील. त्या कोठीत आल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "टाकीमागं चला."

लसूणघास पुन्हा थोडी फुटली होती. डॉक्टरबाईंनी विळा बाईंच्या हातात दिला. "गेल्या वर्षी कापायच्या तेवढीच कापा. भारा बांधा. मग वीस पेंढ्या करा, जशा करायच्या तशा."

बाईंनी भारा कापला. कोठीत आणून एकेक पेंढी काट्यावर ठेवली. डॉक्टरबाई आकडे लिहून घेत होत्या. मग जुनी वही उघडून निळ्यांच्या उरलेल्याचे आकडे त्यांनी एकाखाली एक मांडले, आणि पूड तळाशी किती बसते ते विचारलं. दोन तास दोघी कामापलीकडं एक शब्द बोलल्या नाहीत. मांडून झाल्यावर डॉक्टरबाईंनी पेन ठेवलं.

"जवळजवळ निळ्यांएवढंच पोचलं पिवळ्यांना. हाडांना जे लागतं ते तर सगळंच." त्या काट्याकडं बघत होत्या. "तुम्ही आकडे खोटे लिहिले असते ना, तर मी पकडलं असतं. खोट्या आकड्यांना एक चाल असते. तुम्ही खरी वही लिहिलीत आणि तिनं मला फसवलं."

"चुकलं माझं."

"मला तेव्हा शंका आली होती. तीनदा तपासलं, आठवतंय? तुमच्याकडं येऊन बसले होते मी." त्यांनी वही मिटली. "तुम्हाला मेंढ्यांची दया आली, ते कळतं मला. मी माणूस नाही असं नाही. पण तुम्ही मला येऊन म्हणाला असता की मला हे बघवत नाही, तर मी दुसरं कोणीतरी नेमलं असतं."

"आणि त्या वीस उपाशी राहिल्या असत्या."

"हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "राहिल्या असत्या."

त्यांनी अहवाल मागं घेतला. मागं घेणं म्हणजे काय ते बाईंना नंतर लेकीनं समजावलं: सगळ्यांपुढं स्वतःच्या नावानं सांगायचं की माझं लिहिणं धरू नका. नव्या संस्थेत मिळायची होती ती जागा त्यांना मिळाली नाही. त्या वर्षीची जी कोकरं वाचली, त्यांतल्या बऱ्याच माद्यांचे पाय वाकडे राहिले. पैदाशीला त्या चालणार नव्हत्या. एका गाडीत भरून त्या केंद्राबाहेर गेल्या.

मुकादमाला परत बोलावलं. बाई त्याच्या घरी गेल्या होत्या, आपल्या तोंडानं सांगायला. त्यानं त्यांना आत घेतलं, बसायला दिलं, सगळं ऐकलं. त्याची बायको चहा घेऊन आली तेव्हा त्यानं तिला हातानंच थांबवलं. तो कामावर रुजू झाला, पण कोकरू उचलायचं त्यानं सोडलं. टोचणीच्या दिवशी तो यादी धरायचा आणि उचलायचं काम दुसऱ्याला द्यायचा. मेंढी अडली तरी लांबूनच सांगायचा, असं धर, तसं ओढ. दोष हाडांचा होता, हातांचा नव्हता, हे कागदावर लिहून आलं होतं. हातांना ते कोण सांगणार?

बाईंना केंद्रातून काढलं. त्यांनी काही अर्जविनंती केली नाही. कोठीची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि आल्या. पुढं त्यांना इस्पितळाच्या धुलाईघरात काम मिळालं, चादरींच्या घड्या घालायचं. तिथं त्यांना कोणी काटेबाई म्हणत नव्हतं, काहीच म्हणत नव्हतं. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या चादरी आल्या की त्या घडी घालता घालता मधेच थांबायच्या, असं सोबतच्या बायका सांगतात. विचारलं तर म्हणायच्या, काही नाही.

तीन वर्षांनी डॉक्टरबाईंचं पाकीट आलं. आत नवा अहवाल होता आणि वर चार ओळींची चिठ्ठी. लेक जेवण झाल्यावर वाचायला बसली.

"प्रयोग पुन्हा केलाय त्यांनी," ती म्हणाली. "तसाच. चाळीस मेंढ्या, निळ्या आणि पिवळ्या. या वेळी फरक आला. पिवळ्यांच्या कोकरांची हाडं बरीच कमी जोरात मोडली. मेंढ्यांच्या स्वतःच्या हाडांतही घट. आई, आता सगळीकडं नियम होतोय म्हणे, गाभण मेंढीचा खुराक शेवटच्या दोन महिन्यांत कमी करायचा नाही. वाढवायचा."

बाई ओटा पुसत होत्या. "पिवळ्या किती होत्या?"

"वीसच."

"शेडला कुलूप?"

लेकीनं पानं मागंपुढं केली. "हो, लिहिलंय. दोन किल्ल्या, दोन वेगळ्या माणसांकडं. उरलेलं दोघांसमोर जाळायचं."

बाईंनी फडकं पिळलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ओरडणं तिसऱ्या आठवड्यात थांबतं. ते लिहिलंय का त्यात?"

लेकीनं शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. "नाही. ते नाही."

बाईंनी फडकं वाळत घातलं, अहवाल तिच्या हातून घेतला, चारी कडा जुळवून नीट दुमडला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी धुलाईघरात सकाळची पहिली पाळी होती. त्यांनी लवकर अंथरूण घातलं.